परतायला गाव नसलेला माणूस : महासाथ आणि निर्वासितांची मिळकत

साथींचे इतिहास बहुधा मृतांच्या आकड्यांनी लिहिले जातात. ते स्वाभाविकच आहे. मृत्यू हा साथीचा पहिला आणि सर्वांत ढळढळीत हिशेब. तथापि प्रत्येक मोठ्या साथीची दुसरीही एक खातेवही असते. तीत जगलेल्यांची नोंद सापडते : कोणाचा रोजगार बुडाला, कोणी घरातील भांडी गहाण टाकली, कोणाची उधारी फिटता फिटता पुन्हा वाढली, कोणाच्या मुलाची शाळा सुटली. पहिली वही रोगाबरोबर मिटते. दुसरीत मात्र रोग ओसरल्यावरही कित्येक वर्षे व्याज चढत राहते.

२०२० सालच्या करोना महासाथीची ही दुसरी वही उघडून पाहिली, तर तिची सर्वांत जड पाने निर्वासितांच्या नावावर दिसतात. २०१९ च्या अखेरीस जगात सक्तीने घरदार सोडावे लागलेल्या माणसांची संख्या ७ कोटी ९५ लक्ष इतकी होती. त्यांपैकी सुमारे २ कोटी ६० लक्ष लोक देशाची सीमा ओलांडून गेलेले निर्वासित होते, आणि शंभरांतील पंच्याऐंशी निर्वासितांना आश्रय दिला होता तो विकसनशील देशांनी. छावण्यांतील दाटी पाहता तेथे रोग शिरताच हाहाकार उडेल, अशी भीती त्या वसंतात सर्वत्र व्यक्त होत होती. प्रत्यक्षात घडले ते असे की, रोग दाराशी येण्याच्या पुष्कळ आधीच मिळकत दाराबाहेर गेली. जॉर्डनमधील सीरियन निर्वासितांच्या छावण्यांची दारे २०२० च्या मार्चमध्ये बंद झाली. तेथे पहिले रुग्ण सापडले ते सप्टेंबरात.

हे असे का व्हावे? टाळेबंदी सर्वांनाच होती, हाल पुष्कळांचे झाले. मग निर्वासिताच्या मिळकतीवरच घाव इतका आधी आणि इतका खोल का बसला? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याच प्रदेशातील एका जुन्या साथीपासून आरंभ केला, तर वाट सोपी होईल.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, रोगी आढळले. रोग ओळखणारे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस हे मूळचे बार्देशातील हडफडे गावचे, ही गोष्ट गोमंतकीयांस ठाऊक आहेच. पुढे काय झाले तेही पुष्कळांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले असते. सुमारे सव्वाआठ लक्ष वस्तीच्या त्या शहरातून काही महिन्यांतच जवळजवळ निम्मी माणसे बाहेर पडली. कोणी बोटीने, कोणी आगगाडीने, कोणी पायी, ज्याला जसे जमेल तसा तो गावी निघाला. रत्नागिरीचा, साताऱ्याचा, गोव्याचा माणूस आपापल्या घरी पोचला. १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला, तपासणीची पथके घरांत शिरू लागली, आणि शहर अधिकच ओस पडले.

आता ह्या घटनेची रोजगाराची बाजू पाहा. कामगार निघून गेल्यामुळे गिरण्यांना माणसे मिळेनात. जे मागे राहिले होते ते महिन्याच्या पगाराऐवजी रोजचा रोज मागू लागले, आणि गिरणीवाल्यांना तो द्यावा लागला. रस्त्याच्या नाक्यावर उभे राहून मजुरांसाठी चढाओढीने बोली केल्याच्या नोंदी आहेत. ज्या साथीने हजारो माणसे नेली, तिनेच उरलेल्यांच्या हाती काही काळ सौद्याचे बळ दिले. हे बळ आले कोठून? ते गावाकडून आले. कोकणातील चार गुंठे वरकस जमीन, भावाच्या घरातील एक खण, उखळाशी बसलेली आई, ह्यांच्या भरवशावर गिरणी कामगार मालकाला ‘नाही’ म्हणू शकला. मुंबईतील गोमंतकीयांच्या कुडी पाहिल्या तरी हेच दिसते. कूड म्हणजे शहरात आणून ठेवलेले गावच. वास्को, म्हापसा, कुडतरी असा मागचा पत्ता असल्यामुळेच तिला अर्थ होता.

गाव हा शब्द आपण जिव्हाळ्याने उच्चारतो, आणि त्यामुळे तो केवळ भावनेचा विषय वाटतो. साथीच्या काळात तो रोख्यासारखा वटतो. परतायला गाव आहे हे ज्याला माहीत असते, त्याच्या मजुरीचा दर वेगळा असतो. १८९७ चा तोच कायदा २०२० च्या मार्चमध्ये पुन्हा हाती घेण्यात आला. त्या उन्हाळ्यात आपल्या देशातील लक्षावधी मजूर हालअपेष्टा सोशीत शेकडो मैल पायी गावाकडे चालत गेले. त्या यातना कोणालाही विसरता येणार नाहीत. तरीही त्या रस्त्याच्या टोकाला एक गाव होते, एवढे खरे. निर्वासित म्हणजे ज्याच्या रस्त्याला हे टोकच नाही असा माणूस. त्याची मिळकत साथीत का कोसळते, ह्याचे मूळ येथे आहे.

ह्याचे उदाहरण पाहण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. हुबळीहून कारवार जिल्ह्याकडे, म्हणजे आजच्या उत्तर कन्नडकडे, निघाले की मुंडगोड लागते. तेथील तिबेटी वसाहत १९६६ साली वसली. दलाई लामा १९५९ च्या मार्चअखेर भारतात आले, त्यांच्यामागून सुमारे ऐंशी हजार माणसे आली. आरंभीची काही वर्षे त्यांतील हजारोंनी हिमालयातील रस्त्यांच्या कामावर खडी फोडली. उंच, कोरड्या, थंड प्रदेशातून आलेली माणसे. रस्त्याच्या कामावरील तंबूंत क्षयाने आणि उष्णतेने पुष्कळ दगावली. त्यांना शेतजमिनीवर वसवावे असे ठरले तेव्हा सर्वांत मोठा वाटा उचलला तो त्या वेळच्या म्हैसूर राज्याने. पहिली वसाहत म्हैसूरजवळ बैलकुप्प्याला झाली, मग मुंडगोड, मग हुणसूर व कोळ्ळेगाळ. महाराष्ट्रातही १९७२ साली त्या वेळच्या भंडारा जिल्ह्यात, आजच्या गोंदिया जिल्ह्यात, नोर्ग्येलिंग ही वसाहत उभी राहिली.

मुंडगोडला सुमारे चार हजार एकर जमीन मिळाली. जंगल तोडून मका आणि भात लावण्यात आला. गान्देन आणि द्रेपुंग हे ल्हासाजवळचे विख्यात मठ तेथे नव्याने उभे राहिले. जमीन मात्र सर्वस्वी पावसावर अवलंबून, आणि ती माणशी मोजून दिलेली. कुटुंबे वाढली, एकर वाढले नाहीत. शेतीवर वर्ष निघत नाही हे पहिल्या पिढीच्या हयातीतच स्पष्ट झाले, आणि पोटासाठी दुसरा मार्ग शोधावा लागला. तो मार्ग म्हणजे स्वेटरचा व्यापार.

बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद अशा शहरांत राहणाऱ्या आपल्या वाचकांना हा व्यापार परिचयाचा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास एखाद्या मैदानावर किंवा पदपथाच्या कडेला कापडी छपरे उभी राहतात, गोऱ्या-तांबूस चेहऱ्याच्या बायका स्वेटर, शाली, कानटोप्या, जाकिटे मांडून बसतात, आणि संक्रांत उलटली की एके दिवशी ती रांग नाहीशी होते. गिऱ्हाइकाची समजूत अशी की, हा माल तिबेटी लोकरीचा आणि हाताने विणलेला. प्रारंभी बायका रस्त्याच्या कडेला बसून खरोखरच विणीत आणि विकीत. पुढे मात्र बहुतेक सर्व माल लुधियान्याच्या यंत्रांवर तयार झालेला येऊ लागला. जगातील अत्यंत थंड प्रदेशांपैकी एका प्रदेशातून परागंदा झालेल्या माणसाने, पंजाबात विणलेली लोकर घेऊन, दक्षिणेच्या सौम्य हिवाळ्यात ती विकावी, असा हा विलक्षण धंदा आहे. वसाहतींतील फार मोठ्या संख्येच्या कुटुंबांची वर्षाची रोख मिळकत ह्या तीन-चार महिन्यांवर उभी राहिली.

ह्या धंद्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. शरद ऋतूत तिबेटी कुटुंब लुधियान्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल उचलते. रोख थोडी, उधार पुष्कळ. तारण म्हणून लिहून द्यायला जमीन नाही, कारण वसाहतीची जमीन कोणा एकाच्या मालकीची नाही. तारण असते ते केवळ शब्दाचे : मागच्या वर्षी ह्याने पैसे फेडले, त्याच्या आईनेही फेडले होते, आणि तो नाही आला तर त्याच्या वसाहतीचे लोक आपल्याला सापडतील. पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली ही पत म्हणजेच त्या कुटुंबाचे भांडवल. मग शहरातील जागेचे भाडे, नगरपालिकेची तात्पुरती परवानगी, चार महिन्यांची खोली, आणि उरलेला सारा भार हवेवर. थंडी पडली तर माल खपतो. न पडली तर उरतो. हंगाम संपताच उधारी फेडायची, आणि लोसार ह्या तिबेटी नववर्षाला वसाहतीत परतायचे.

रस्ता, हंगाम आणि पत, अशा तीन खांबांवर हा संसार उभा आहे. त्यांतील एकही खांब कायद्याने रोवलेला नाही. रस्ता नगरपालिकेचा, हंगाम निसर्गाचा, पत सावकाराच्या मनातली. स्थायिक समाजाने ज्या जागा मोकळ्या सोडलेल्या असतात, त्याच निर्वासिताच्या वाट्याला येतात. म्हणून त्याचा रोजगार नेहमी कडेचा, फेरीचा आणि उधारीचा असतो. साथ आली की सर्वांत आधी बंद होतात त्या ह्याच गोष्टी : रस्त्यावरची गर्दी, गावोगावचा प्रवास आणि उद्याच्या भरवशावर दिलेला माल.

२०२० साली हे कसे घडत गेले ते क्रमाने पाहू. त्या वर्षी लोसार २४ फेब्रुवारीला होता. म्हणजे स्वेटरवाले हंगाम आटोपून, हिशेब चुकते करून घरी परतले होते, आणि देशव्यापी टाळेबंदी महिन्याने, २५ मार्चला सुरू झाली. पहिला फटका त्यांना चुकला. तो बसला पर्यटनावर जगणाऱ्यांना. १३ मार्चपासून परदेशी पर्यटकांचे परवाने स्थगित झाले, २३ मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमाने थांबली. नियमित उड्डाणे पुन्हा सुरू झाली ती २७ मार्च २०२२ ला. गोव्याच्या किनाऱ्यावर, कळंगुट-हणजुण्याच्या बाजूला, हिवाळ्यात खडे, चांदीचे दागिने आणि शोभेच्या वस्तू विकणाऱ्या तिबेटी दुकानदारांचे परदेशी गिऱ्हाईक अशा रीतीने दोन हिवाळे आलेच नाही. धर्मशाळेत दलाई लामांची सार्वजनिक प्रवचने सुमारे दोन वर्षे बंद राहिली; त्या प्रवचनांना येणाऱ्या यात्रेकरूंवर तेथील उपाहारगृहे आणि खानावळी चालत. दिल्लीच्या मजनू का टिल्ला वस्तीतही तेच. शहरांतील दुकानांत, उपाहारगृहांत कामाला असलेली तरुण मुले वसाहतींत परत आली.

त्यानंतर शरद ऋतू आला, आणि स्वेटरवाल्यांपुढे तो अवघड हिशेब उभा राहिला. माल उचलावा, तर बाजार भरेल की नाही ह्याची शाश्वती नाही. भरला तरी गिऱ्हाईक कपड्यांना हात लावील की नाही ठाऊक नाही. आणि उधारी तर फेडावीच लागणार. माल न उचलावा, तर वर्षाची मिळकत बुडाली. त्यात विक्रेत्यांमध्ये वयस्कांची संख्या मोठी. चार महिने परक्या शहराच्या गर्दीत त्यांना बसवणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. तिकडे लुधियान्याच्या कारखान्यांतील बिहार आणि उत्तर प्रदेशचे मजूरही गावी गेले होते. अनेक शहरांतून तो हिवाळा तिबेटी बाजाराविनाच गेला. पूर्वेकडच्या चेहऱ्याच्या माणसांस ‘करोना’ म्हणून हिणवण्याचा जो ओंगळ प्रकार त्या वर्षी घडला, आणि ज्याबद्दल केंद्र सरकारला राज्यांना ताकीद द्यावी लागली, तो ईशान्य भारतीय नागरिकांप्रमाणे तिबेट्यांच्याही वाट्याला आला. ज्याचा धंदाच अनोळखी गिऱ्हाइकाच्या विश्वासावर चालतो, त्याला ही गोष्ट केवळ अपमानाची राहत नाही. ती विक्रीतील तूटही होते.

इतके होऊनही मुंडगोड-बैलकुप्प्याच्या वसाहतींत उपासमारीचा प्रसंग आला नाही. ह्याचे कारण १९६० च्या दशकातील एका निर्णयात सापडते. तिबेट्यांना विखरून न टाकता एकेका ठिकाणी जमिनीसह वसवण्यात आले. त्यामुळे शेतीचा तुकडा, सहकारी संस्थेचे गोदाम, मठाची पाकशाळा, दवाखाना आणि शाळा हे सारे एका कुंपणात राहिले. साठ वर्षांनंतर, शहरांतील काम सुटलेल्या नातवंडांना परतायला जागा होती. आजोबांना मिळालेल्या मक्याच्या शेतावर संसार चालत नव्हता, हे खरे. पण त्या शेताने साथीच्या वर्षात गावाचे काम केले. परदेशी गेलेल्या मुलामुलींकडून येणाऱ्या पैशांचाही पुष्कळ घरांना आधार झाला.

ज्यांना अशी वसाहतही मिळाली नाही त्यांचे काय झाले, हे पाहायचे तर हैदराबादेच्या बाळापूर भागात जावे लागेल. म्यानमारमधून आलेली काही हजार रोहिंग्या माणसे त्या शहराच्या कडेला राहत आली आहेत. भंगार वेचणे, बांधकामावर रोजंदारी करणे, हमाली करणे हे त्यांचे व्यवसाय. आपल्या देशाने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केलेला नाही. त्यामुळे संयुक्त राष्ट्रांनी दिलेले ओळखपत्र हाती असले तरी शिधापत्रिका नाही, आणि टाळेबंदीत गरिबांना वाटले गेलेले सरकारी धान्य मिळण्याचा हक्क नाही. रोज संपला त्याच दिवशी चूल थांबली; पुढचे दिवस निघाले ते सेवाभावी संस्थांच्या आणि शेजाऱ्यांच्या मदतीवर. गाव नाही, वसाहत नाही, कागदही नाही, अशी ही अवस्था. तिबेटी निर्वासितही कायद्याच्या दृष्टीने परकीयच. परंतु त्याच्याजवळ नोंदणीचा दाखला होता, आणि २०१४ च्या पुनर्वसन धोरणान्वये वसाहतींच्या जमिनीचे पट्टे आणि कल्याणकारी योजनांचा लाभ त्यांना द्यावा, असे केंद्राने राज्यांना सुचवले होते. दोन समाजांच्या हालांतील अंतर प्रामुख्याने ह्या कागदांइतके होते.

आपल्या शेजारी जे दिसले तेच जगातील इतर आश्रयभूमींत मोठ्या प्रमाणावर दिसते. कोलंबिया, पेरू, जॉर्डन, लेबनॉन, तुर्कस्तान, इराक, इथिओपिया आणि युगांडा ह्या आठ देशांविषयी २०२० च्या जुलैत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले की, टाळेबंदीने ज्या धंद्यांना सर्वाधिक झळ पोचली त्यांत निर्वासित असण्याची शक्यता स्थानिकांपेक्षा साठ टक्क्यांनी अधिक होती. उपाहारगृहे, किरकोळ विक्री, शिवणकाम हे त्यांतील धंदे. कडेचा रोजगार हा केवळ आपल्याकडचा प्रकार नव्हे, एवढे ह्यावरून स्पष्ट होते.

लेबनॉनमध्ये सीरियन निर्वासितांना शेती, बांधकाम आणि सफाई एवढीच क्षेत्रे खुली होती. २०१९ च्या ऑक्टोबरपासून त्या देशाचे चलन घसरू लागले, त्यावर साथ आली, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये बैरुत बंदरातील भीषण स्फोट झाला. जगण्यापुरत्या किमान खर्चाइतकीही ऐपत नसलेल्या सीरियन कुटुंबांचे प्रमाण २०१९ साली शेकडा ५५ होते. वर्षभरात ते शेकडा ८९ झाले. ह्या आकड्यांत साथीचा वाटा किती आणि चलनाचा किती, हे वेगळे काढता येत नाही. निर्वासिताच्या संसारात संकटे अशीच एकात एक मिसळून येतात.

कोलंबियात व्हेनेझुएलाहून आलेली सतरा लक्षांहून अधिक माणसे होती. त्यांतील पुष्कळ जण रस्त्यावर कॉफी, गोळ्या, फळे विकून रोजचे रोज कमावीत आणि खोलीचे भाडेही रोजचे रोज देत. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी होताच विक्री थांबली, भाडे थांबले, आणि घरमालकांनी बाहेर काढले. तेव्हा एक अघटित घडले : ज्या देशात अन्न मिळत नाही म्हणून माणसे पळून आली होती, त्याच देशाकडे त्या वर्षी एक लक्षाहून अधिक माणसे परत निघाली, त्यांतील कित्येक पायी. गाव उद्ध्वस्त झालेले असले तरी साथीत पावले त्याच दिशेला वळतात. त्यांतील अनेकांना सीमा उघडताच पुन्हा उलट यावे लागले. मुंबईचा गिरणी कामगार परतला तेव्हा त्याचा दर वाढलेला होता. हा माणूस परतला तेव्हा त्याची जुनी जागाही उरलेली नव्हती.

युगांडाची कथा मुंडगोडच्या जवळची आहे. त्या देशाने चौदा लक्षांवर निर्वासितांना आश्रय दिला, काम करण्याचा हक्क दिला आणि वसाहतींत जमिनीचे तुकडेही दिले. निर्वासितांविषयीच्या उदार धोरणाचा तो नमुना मानला जाई. परंतु तुकडे लहान आणि माणसे पुष्कळ; बाकीची भूक जागतिक अन्न कार्यक्रमाच्या शिध्यावर भागे. पैशांअभावी तो शिधा २०२० च्या एप्रिलमध्ये तीस टक्क्यांनी आणि २०२१ च्या फेब्रुवारीत एकंदर चाळीस टक्क्यांनी कापावा लागला. ज्या महिन्यांत बाजार बंद होते, त्याच महिन्यांत ताटही अर्धे झाले. जमीन आधार देते, पण ती पुरेशी असावी लागते; आणि दात्या देशांची उदारता हा तर सर्वांत अनिश्चित हंगाम.

अशा प्रसंगी शासनांनी काय केले, हेही नोंदले पाहिजे. कारण अंधारातच चार-दोन दिवेही लागले होते. पोर्तुगालने २०२० च्या मार्चअखेर असे जाहीर केले की, ज्या परकीयांचे वास्तव्याचे अर्ज १८ मार्चपर्यंत प्रलंबित होते, त्या सर्वांना, आश्रय मागणाऱ्यांसह, ३० जूनपर्यंत कायदेशीर रहिवासी समजावे. म्हणजे अर्जाची पोचपावती दाखवून त्यांना दवाखान्यात जाता येई, कामाचा करार करता येई, बँकेत खाते उघडता येई. जॉर्डनने २०१६ साली लंडनच्या परिषदेत सीरियनांसाठी दोन लक्ष रोजगारांची वाट मोकळी करण्याचे वचन दिले होते. २०२० साली ती वाट बंद पडली. पण २०२१ च्या जानेवारीत त्याच देशाने आपल्या नागरिकांबरोबर निर्वासितांनाही लस देण्यास प्रारंभ केला, आणि त्या वर्षी सीरियनांना सुमारे ६२,००० कामाचे परवाने दिले. त्यापूर्वी एका वर्षात इतके परवाने कधी दिले गेले नव्हते. कोलंबियाचे राष्ट्राध्यक्ष इव्हान दुके ह्यांनी ८ फेब्रुवारी २०२१ रोजी व्हेनेझुएलाच्या लोकांना दहा वर्षांचे तात्पुरते संरक्षण आणि कामाचा हक्क देण्याची घोषणा केली. हे तिन्ही उपाय दानाचे नव्हेत. त्यांनी कागद दिला, आणि कमावण्याची जबाबदारी माणसावरच ठेवली.

ह्यावर आक्षेप घेतला जातो तो असा की, आपलीच माणसे बेकार असताना परक्यांना परवाने का द्यावेत? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. आश्रय देणारे देश बहुतांशी स्वतःच गरीब आहेत. त्यांच्या मजुरालाही साथीने सोडलेले नव्हते. परंतु अनुभव असा की, परवाना नसला म्हणून निर्वासित काम सोडीत नाही. तो तेच काम कमी मजुरीत, चोरून, मिळेल त्या अटीवर करतो. त्याच्या ह्या लाचारीने पडलेला दर शेवटी स्थानिक मजुरालाही स्वीकारावा लागतो. १८९७ च्या मुंबईत ‘नाही’ म्हणू शकणाऱ्या मजुराने सर्वांचा रोज वाढवला होता. ‘नाही’ म्हणता न येणारा मजूर सर्वांचा रोज खाली ओढतो. परवाना हे परक्यावरचे उपकार नाहीत. त्यात स्थानिकाचीही राखण आहे.

मुंडगोडच्या पहिल्या पिढीने जंगल तोडले, दुसरीने स्वेटर विकले, आणि तिसरीतील पुष्कळ जण युरोप-अमेरिकेकडे निघून गेले. २००९ च्या पाहणीत भारतातील तिबेट्यांची संख्या ९४,२०३ भरली होती. त्यानंतर ती सतत घटत आली आहे. स्वेटरची रांग कदाचित आणखी एखादी पिढी टिकेल. तिचा इतिहास लिहिताना २०२०-२१ चा तो रिकामा हिवाळा वेगळा नोंदवावा लागेल. कारण इतके व्यवस्थित चाललेले निर्वासित जीवनही किती बारीक धाग्यावर लोंबते, ते त्या हिवाळ्याने दाखवले.

महासाथी पुन्हा येतील. इतिहासाचा तसा दाखला आहे. साथ आल्यावर धान्य वाटणे हे पुण्याचे काम आहे आणि ते करावेच लागेल. पण निर्वासिताला साथीत जे उपयोगी पडते, ते बहुतेक सारे साथीपूर्वीच्या शांत वर्षांत दिलेले असते : जमिनीचा पट्टा, नोंदणीचा दाखला, बाजारात बसण्याचा परवाना, शिधापत्रिकेवरचे नाव. जुने गाव कोणालाही परत देता येत नाही. मात्र त्याच्या पश्चात गावाचे काम करील असे काहीतरी हाती देणे, हे १९६६ साली एका राज्याला साधले होते. त्याचे मोल चोपन्न वर्षांनी कळले.